वर्गांकांचे पत्ते, नाव-गाव-फळ-फूल आणि शोधपत्र: ग्रंथालयातील शोधकौशल्ये खेळांतून शिकवण्याची व तपासण्याची पद्धत

दरवर्षी जुलै महिन्यात प्रथम वर्षाची प्रत्येक तुकडी एका तासासाठी ग्रंथालयात येते. देवघेव काउंटर, नियतकालिकांचा विभाग आणि ओपॅकचा (ग्रंथालयाच्या संगणकीय तालिकेचा) संगणक दाखवला जातो, विद्यार्थी माना डोलावतात आणि परिचयाचा कार्यक्रम पार पडल्याची नोंद होते. त्याच तुकडीतील विद्यार्थी जानेवारीत प्रकल्पाच्या कामासाठी येतात, तेव्हा काउंटरवर एकच वाक्य ऐकू येते: "सर, दुष्काळावरचे एखादे पुस्तक द्या ना." कोणता दुष्काळ, कोणत्या अंगाने, आतापर्यंत काय शोधले, यांपैकी एकाही प्रश्नाला त्यांच्याकडे उत्तर नसते. याचा दोष विद्यार्थ्यांना देता येणार नाही. शोध घेणे ही हाताने करून शिकण्याची गोष्ट आहे आणि आपण ती सांगून शिकवत आलो आहोत.

खेळाचा उपयोग नेमका इथे होतो, पण खेळ नीट बेतलेला असला तरच. महाविद्यालयीन ग्रंथपालाला पन्नास मिनिटांचा एक तास, एक ग्रंथालय परिचारक आणि कार्डशीटचे काही तक्ते एवढ्या सामग्रीवर राबवता येईल अशी पद्धत पुढे दिली आहे. सगळ्या उदाहरणांसाठी १९७२ चा महाराष्ट्रातील दुष्काळ हा एकच विषय घेतला आहे, कारण त्यावर पुस्तके, वृत्तपत्रे, प्रबंध, सरकारी कागदपत्रे आणि घरातल्या वडीलधाऱ्यांच्या आठवणी असे सर्व प्रकारचे साहित्य सापडते.

आधी चूक शोधावी, मग खेळ निवडावा

खेळ ठरवण्यापूर्वी एक आठवडा काउंटरवर वही ठेवावी आणि विद्यार्थी कुठे अडतात ते त्यांच्याच शब्दांत लिहून काढावे. "ओपॅकमध्ये पुस्तक दाखवते, पण कपाटात नाही" अशा तक्रारीमागे पुष्कळदा वर्गांकाचे, म्हणजे पुस्तकाच्या कण्यावरील विषयदर्शक क्रमांकाचे, चुकीचे वाचन असते. "यावर काहीच नाही" या तक्रारीमागे बहुधा एकच शब्द टाकून सोडून दिलेला शोध असतो. "नेटवर होते" हे उत्तर मिळाले, तर आधाराची पारख झालेली नाही असे समजावे. आठवड्याच्या शेवटी या नोंदींतून एकच चूक निवडावी आणि तास संपल्यावर विद्यार्थी काय करून दाखवू शकेल, ते एका वाक्यात लिहावे. "ग्रंथालयाची माहिती होईल" हे असे वाक्य नव्हे. "दशांश असलेले सहा वर्गांक क्रमाने लावील" हे मात्र तसे वाक्य आहे, कारण ते घडले की नाही हे डोळ्यांनी पाहता येते.

त्यानंतर खेळाला दोन प्रश्न विचारावेत. खेळातली चाल म्हणजेच ते कौशल्य आहे का? आणि कौशल्य नसतानाही हा खेळ जिंकता येतो का? दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर होकारार्थी आले, तर तो खेळ बाजूला ठेवावा. ग्रंथालयावरचे प्रश्न लिहिलेली सापशिडी अनेक ठिकाणी हौसेने केली जाते आणि ती दिसतेही छान, परंतु तिथे फाशाचे दान जिंकते. ज्याला वर्गांक वाचता येत नाही तो शिडीने वर जातो आणि ज्याला येतो त्याला साप गिळतो. मनोरंजनाला हरकत नाही, पण त्या गुणांवरून कौशल्याविषयी काहीही म्हणता येत नाही. शब्दकोडी आणि प्रश्नमंजूषा यांचीही हीच अडचण आहे. ग्रंथालयशास्त्रज्ञ एस. आर. रंगनाथनांनी ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रे १९३१ साली मांडली हे पाठ असलेल्या विद्यार्थ्याला पुस्तक शोधता येईलच असे नाही.

पहिला खेळ: वर्गांकांची रांग

बदाम सात हा पत्त्यांचा डाव बहुतेक विद्यार्थ्यांना येतो, त्यामुळे नियम समजावण्यात वेळ जात नाही. ग्रंथालय ड्यूई दशांश वर्गीकरण (विषयांना दशांश क्रमांक देण्याची पद्धत) वापरत असेल, तर प्रत्येक गटासाठी चोवीस पत्ते करावेत. पत्त्याच्या एका बाजूला वर्गांक व विषय लिहावा आणि दुसरी बाजू कोरी ठेवावी. सुरुवातीचा पत्ता म्हणून ८९१.४६, म्हणजे मराठी साहित्य, मधोमध मांडावा. उरलेले पत्ते चार खेळाडूंत वाटून प्रत्येकाने आपल्या पाळीला एक पत्ता रांगेत योग्य जागी लावावा. जागा चुकली आणि दुसऱ्या खेळाडूने ती कारणासह दाखवून दिली, तर पत्ता हातात परत येतो. आधी ज्याचा हात रिकामा होईल तो जिंकतो.

बदाम सातपेक्षा एक गोष्ट वेगळी आहे आणि धडा तिच्यातच आहे. त्या डावात आठ्ठ्याशेजारी नव्वाच लागतो, दोघांच्या मध्ये काही शिरत नाही. वर्गांकांच्या रांगेत मात्र लावलेल्या कोणत्याही दोन पत्त्यांच्या मध्ये तिसरा येऊ शकतो. ८९१.४६ आणि ८९१.४७ या मराठी व गुजराती साहित्याच्या पत्त्यांमध्ये ८९१.४६१ ही मराठी कविता, ८९१.४६२ हे मराठी नाटक आणि ८९१.४६३ हे मराठी कथा-कादंबरी वाङ्मय असे तिन्ही पत्ते शिरतात. दशांश म्हणजे काय हे फळ्यावर सांगण्यापेक्षा बोटांनी पत्ते सरकवून जागा करताना अधिक पक्के कळते.

पत्त्यांत सापळे मुद्दाम ठेवावेत. माझ्या अनुभवात सर्वांत हमखास सापळा म्हणजे ८९१.४३९, उर्दू साहित्य. विद्यार्थी दशांशचिन्हानंतरचा भाग 'चारशे एकोणचाळीस' आणि 'सेहेचाळीस' असा पूर्ण संख्येसारखा वाचतात आणि उर्दूला मराठीच्या पुढे नेऊन ठेवतात. खरे तर दशांशचिन्हानंतर एकेक अंक वाचायचा असतो. चाराला चार, मग तीन आणि सहा यांत तीन आधी. इथेच निर्णय होतो आणि उर्दू मराठीच्या आधी येते. एकदा एका गटात या पत्त्यावरून दहा मिनिटे वाद चालला. शेवटी एक विद्यार्थिनी उठून कपाटाशी गेली आणि दोन पुस्तकांचे कणे पाहून आली. तिने आणलेले उत्तर त्या गटाने जितक्या निमूटपणे मान्य केले, तितके माझे कधीच केले नसते. कपाटे बंद असलेल्या ग्रंथालयात अशा वेळी परिचारकाकडून तीन-चार पुस्तके मागवून टेबलावर मांडावीत.

तपासणीसाठी डाव संपल्यावर प्रत्येकाला सहा वर्गांकांची चिठ्ठी द्यावी आणि ती एकट्याने, न बोलता क्रमाने लावायला सांगावी. गटाचे गुण गटातल्या एखाद्या हुशार मुलाचे असू शकतात, ही चिठ्ठी मात्र प्रत्येकाची स्वतःची असते. चुका मोजून थांबू नये, त्यांचा प्रकारही पाहावा. ज्याचे दशांश चुकले त्याला पुन्हा एक डाव पुरतो. ज्याने वर्गांक बरोबर लावले पण एकाच वर्गांकाखालील ग्रंथकारचिन्हे (लेखकाच्या नावावरून दिलेली चिन्हे) उलटसुलट केली, त्याला वेगळी मदत लागते.

दुसरा खेळ: नाव-गाव-फळ-फूल

शोधशब्द निवडणे हे सर्वांत दुर्लक्षित कौशल्य आहे, म्हणून याला सर्वाधिक वेळ द्यावा. कागदावर पाच रकाने आखावेत: समानार्थी शब्द, व्यापक शब्द, नेमका किंवा संकुचित शब्द, इंग्रजी शब्द, आणि लेखनातील पर्याय. ग्रंथपालाने विषय पुकारावा, समजा "बहात्तरचा दुष्काळ", आणि तीन मिनिटे द्यावीत. 'समानार्थी'खाली अवर्षण आणि टंचाई येतील, 'व्यापक'खाली नैसर्गिक आपत्ती किंवा शेतीचे अर्थकारण, 'नेमका'खाली रोजगार हमी, चारा छावणी, स्थलांतर, सुकडी (दुष्काळी कामांवर वाटले जाणारे पौष्टिक खाद्य). गुणदान मूळ खेळासारखेच ठेवावे: इतर गटांकडे नसलेल्या शब्दाला दहा, सामाईक शब्दाला पाच.

पाचव्या रकान्यावर बरेच काही अवलंबून असते. मराठी पुस्तकांची शीर्षके ओपॅकमध्ये कुठे देवनागरी युनिकोडमध्ये असतात, कुठे रोमन लिपीत. जुन्या नोंदी एखाद्या जुन्या फाँटमध्ये भरलेल्या असतील, तर त्या शोधात येतच नाहीत. रोमन लिपीत 'दुष्काळ'मधल्या 'का'साठी 'ए' एकदा की दोनदा, आणि 'ळ'साठी काय, हे नोंद करणाऱ्यावर अवलंबून असते. 'पाणीटंचाई' जोडून लिहिले की तोडून, यानेही निकाल बदलतो. हा रकाना भरताना विद्यार्थ्यांना एक गोष्ट प्रथमच उमगते: शून्य निकाल म्हणजे पुस्तक नाही असा अर्थ होत नाही. (आपल्याच तालिकेतल्या विसंगती विद्यार्थ्यांकडून कळणे ग्रंथपालाला थोडे लाजिरवाणे वाटते, पण ती यादी जपून ठेवावी, नोंदी दुरुस्त करायला उपयोगी पडते.)

कागदावरचे गुण झाले की दुसरी फेरी संगणकावर घ्यावी. प्रत्येक गटाने आपले तीन शब्द निवडून ओपॅकवर, आणि इंटरनेट असल्यास शोधगंगा या भारतीय विद्यापीठांतील प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहावर, टाकावेत. पहिल्या दहा निकालांपैकी विषयाला खरोखर लागू पडणारे किती, तेवढे गुण. कागदावर दहा गुण मिळवणारा अनोखा शब्द इथे बहुधा काहीच आणत नाही आणि पाच गुणांचा साधा शब्द भरभरून देतो. हा उलटफेर विद्यार्थ्यांना चांगलाच लक्षात राहतो. सापडलेल्या पुस्तकांचे वर्गांक फळ्यावर लिहून काढावेत. हवामानशास्त्राच्या अंगाने ५५१.५७, आपत्ती आणि मदतकार्य या अंगाने ३६३.३४, शेतीचे अर्थकारण ३३८.१, महाराष्ट्राचा इतिहास ९५४.७९२ आणि दुष्काळावरच्या मराठी कथा-कादंबऱ्या ८९१.४६३. एकच विषय पाच कपाटांत विखुरलेला दिसला, की "दुष्काळाचे कपाट कुठे आहे" हा प्रश्न पुन्हा येत नाही.

शोधपत्र: मूल्यमापनाचा कणा

वरील दुसऱ्या फेरीत प्रत्येक गटाने चार रकान्यांचा एक कागद भरायचा असतो: कोणता शब्द टाकला, कुठे टाकला, काय मिळाले, आणि त्यानंतर काय बदलले. शब्द जसाच्या तसा लिहायचा, खाडाखोड करायची नाही, फसलेला शोधही लिहायचा. नमुन्यादाखल दोन शोधपत्रे पाहू.

पहिल्या गटाचे असे: "बहात्तरचा दुष्काळ – ओपॅक – शून्य. बहात्तरचा दुष्काळ माहिती – ओपॅक – शून्य. परिचारकांना विचारले – एक पुस्तक मिळाले." दुसऱ्या गटाचे असे: "१९७२ दुष्काळ – ओपॅक – शून्य, म्हणून साल काढले. दुष्काळ – ओपॅक – चार, त्यांतले तीन कथासंग्रह, चौथे कामाचे. चौथ्या पुस्तकाच्या शेवटची सूची पाहिली, त्यात 'अवर्षण' शब्द होता. अवर्षण – ओपॅक – दोन नवी."

हाती आलेल्या पुस्तकांची संख्या पाहिली, तर दोघांत दोन पुस्तकांचाच फरक आहे. कौशल्यातला फरक मात्र शेवटच्या रकान्यात आहे. म्हणून गुण तिथेच द्यावेत. तोच शोध पुन्हा केला असेल तर शून्य, शब्द बदलला पण कारण दिसत नसेल तर एक, कारणासह बदल केला असेल तर दोन, आणि मिळालेल्या साहित्यातूनच पुढचा शब्द उचलला असेल तर तीन. परिचारकाला विचारले म्हणून गुण कापू नयेत, पण काय विचारले ते लिहायला लावावे. नेमका प्रश्न विचारणे हेही शोधकौशल्यच आहे.

गुण देण्याआधी दहा शोधपत्रे दोघांनी, समजा ग्रंथपाल आणि विषयशिक्षक यांनी, एकमेकांचे न पाहता तपासावीत आणि मग ताडून पाहावीत. तीनपेक्षा अधिक पत्रांत मतभेद निघाला, तर निकषांची भाषा ढिली आहे असे समजून ती दुरुस्त करावी. हे काम अर्ध्या तासाचे आहे आणि ते टाळले, तर पुढचे सगळे आकडे शोभेचे ठरतात.

तिसरा खेळ: आधारावर पैज

आधाराची पारख शिकवताना 'विश्वसनीय' आणि 'अविश्वसनीय' असे दोन डबे करून कार्डे टाकायला लावतात. मला ते घातक वाटते, कारण कोणता आधार चांगला हे प्रश्नावर ठरते. त्यासाठी सहा कार्डे करावीत: १९७२-७३ मधील वृत्तपत्राचे कात्रण, शोधगंगेवरचा पीएच.डी.चा प्रबंध, मराठी विश्वकोशातील नोंद, १८८४ चा अहमदनगर जिल्ह्याचा गॅझेटियर (जिल्ह्याची माहिती देणारा सरकारी ग्रंथ), आजीने सांगितलेली आठवण, आणि व्हॉट्सॲपवर फिरणारा निनावी मजकूर. मग प्रश्न पुकारावेत. त्या आठवड्यात बाजारात ज्वारीचा भाव काय होता? दुष्काळी कामावर वाटलेली सुकडी लोकांना कशी वाटली? दुष्काळाची कारणे कोणती? विषयाची पहिली ओळख कुठून करून घ्यावी?

प्रत्येक गटाकडे वीस चिंचोके द्यावेत. प्रत्येक प्रश्नाला गटाने एक आधार निवडून त्यावर एक, दोन किंवा तीन चिंचोके लावावेत आणि कारण सांगावे. निवड योग्य ठरली तर तेवढेच चिंचोके मिळतात. चुकली तर एकाला एक, दोनाला तीन आणि तिनाला सहा जातात. खात्री नसेल तर एकच लावणे शहाणपणाचे ठरते, आणि कोणत्या प्रश्नावर कोण किती खात्रीने चुकले याची ग्रंथपालाला आपोआप नोंद मिळते. तीन चिंचोके लावून चुकलेल्या जागा पुढच्या तासाला आधी घ्याव्यात. अंदाजाने चुकलेल्याला माहिती दिली की पुरते, खात्रीने चुकलेल्याची समजूत मात्र आधी मोडावी लागते.

गॅझेटियरच्या कार्डावर हमखास पैज लागते. सरकारी आहे, जुने आहे, जाडजूड आहे, म्हणजे भरवशाचे असणार. छापल्याचे वर्ष कार्डावर ठळक लिहिलेले असूनही १८८४ च्या ग्रंथात १९७२ ची माहिती कशी असेल, हा विचार पैज लावून झाल्यावर सुचतो. त्याच ग्रंथाचे मोल १८७६ ते १८७८ च्या दुष्काळाशी तुलना करायची असेल तेव्हा मोठे आहे, हेही तिथेच सांगावे. सुकडीच्या प्रश्नाला आजीची आठवण प्रबंधापेक्षा सरस ठरू शकते आणि कारणांच्या प्रश्नाला ती अपुरी पडते. विश्वकोशातील नोंद पहिल्या ओळखीसाठी उत्तम. तिच्या शेवटी दिलेले संदर्भ आणि 'पहा' म्हणून दिलेल्या इतर नोंदी पुढची वाट दाखवतात, ते खंड उघडून दाखवावे. एखाद्या गटाने अनपेक्षित आधार निवडून पटेल असे कारण दिले, तर चिंचोके द्यावेत. उत्तरपत्रिकेला चिकटून राहणारा पंच या खेळाचा बट्ट्याबोळ करतो.

खजिन्याचा शोध, घ्यायचाच असेल तर

ग्रंथालयातला खेळ म्हटले की बहुतेकांच्या मनात खजिन्याचा शोध येतो. तो शेवटी, वरची कौशल्ये झाल्यावर घ्यावा. साठ विद्यार्थी एकाच पुस्तकाच्या मागे लागले, तर पहिला गट पुस्तक दडवतो, शेवटच्या गटाला रिकामी जागा मिळते आणि संध्याकाळी परिचारकाला चार कपाटे नव्याने लावावी लागतात. यावर उपाय सोपे आहेत. सहा गटांना तेच सहा थांबे वेगवेगळ्या क्रमाने द्यावेत. संदर्भ विभागातले, घरी न जाणारे ग्रंथ निवडावेत. ग्रंथ टेबलावरच वाचायचा, कपाटात परत ठेवायचा नाही, असा नियम करावा. प्रत्येक थांब्याचे उत्तर पुढच्या थांब्याला उपयोगी पडेल अशी रचना करावी. शंकर गणेश दाते यांच्या 'मराठी ग्रंथसूची'चा पहिला खंड १८०० ते १९३७ या काळाचा आहे. तिथून त्या काळातील दुष्काळावरचे एक पुस्तक काढायचे, ते आपल्या ओपॅकवर आहे का पाहायचे आणि नसेल तर कुठे मिळू शकेल ते लिहायचे, असा थांबा चांगला.

घड्याळ लावू नये. "वाचकाचा वेळ वाचवा" हे रंगनाथनांचे चौथे सूत्र ग्रंथालयाला उद्देशून आहे. विद्यार्थ्याला घाई करायला लावली, की तो सूची उघडण्याऐवजी शेजारच्या गटाच्या कागदात डोकावतो. शोधपत्र इथेही चालू ठेवावे आणि सर्वांत आधी परतलेल्या गटाऐवजी सर्वोत्तम शोधपत्राच्या गटाला बक्षीस द्यावे. बुजऱ्या विद्यार्थ्यांचे काय, असा प्रश्न उरतो. गटात लेखनिकाचे काम प्रत्येक थांब्याला बदलते ठेवावे, म्हणजे प्रत्येकाच्या हातात एकदा तरी पेन येते आणि कोणाच्या अक्षरातला शोध कसा आहे तेही समजते.

गुणांचे पुढे काय करावे

जिंकलेले पत्ते आणि चिंचोके अंतर्गत मूल्यमापनाच्या गुणांत थेट धरू नयेत. गुण जाणार म्हटले, की विद्यार्थी पैज लावायला कचरतात आणि फसलेला शोध लिहायचा सोडून देतात, मग शोधपत्राची किंमत उरत नाही. नोंद करावी ती वैयक्तिक चिठ्ठीची आणि शोधपत्राच्या शेवटच्या रकान्याची. सुरुवातीला दहा मिनिटांची छोटी चाचणी घ्यावी आणि शेवटी तशीच, पण वेगळ्या विषयावर, दुसरी घ्यावी. प्रश्न तेच ठेवले, तर स्मरणशक्ती मोजली जाते. एखादा प्रश्न पहिल्याच चाचणीत सर्वांना आला, तर तो काढून टाकावा, कारण त्यातून काहीच कळत नाही. एखादा प्रश्न एरवी चांगले करणाऱ्यांचा चुकतो आणि कच्च्यांचा बरोबर येतो, असे दिसले तर प्रश्नाच्या भाषेतच खोट आहे असे समजावे.

खेळ झाल्यावरची दहा मिनिटे कधीही कापू नयेत. "कुठे अडलात, मग काय केलेत" एवढे दोनच प्रश्न विचारून चार-पाच जणांना बोलते करावे. खेळात हाताने केलेली गोष्ट या बोलण्यात शब्दांत येते आणि विद्यार्थी ती दुसऱ्या विषयाला लावू शकतो. नॅकच्या (महाविद्यालयांचे मूल्यांकन करणाऱ्या संस्थेच्या) फाइलसाठी छायाचित्रे काढायची असतील, तर ती याआधी काढून घ्यावीत.

तीन आठवड्यांनी पुन्हा एक छोटी तपासणी करावी आणि तिची पूर्वसूचना देऊ नये. प्रकल्पासाठी काउंटरवर येणाऱ्या विद्यार्थ्याला परिचारकाने एवढेच विचारावे, "आतापर्यंत काय काय शोधून पाहिलेस?" आणि उत्तर काउंटरवरच्या त्याच वहीत, पहिल्या आठवड्याच्या नोंदींसमोरच्या पानावर, त्याच्याच शब्दांत उतरवून घ्यावे. डावीकडची पाने आणि उजवीकडची पाने शेजारी ठेवून वाचली, की पुढच्या जुलैत कोणता खेळ ठेवायचा आणि कोणता काढायचा ते ठरवता येते.